सुपारीचा हत्ती

आमच्या घरच्या बुद्धिबळात एकतीस मोहरे लाकडी होते आणि बत्तिसावी सुपारी. हिरव्या बाजूचा एक हत्ती कमी होता, त्याच्या जागी आबा, म्हणजे माझे वडील, सुपारी ठेवत. हत्ती हरवला होता असं मात्र नाही. तो माझ्या मामाकडे होता, मामाचं घर आमच्या मागच्याच गल्लीत होतं, आमच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, उभं राहिलं की त्याच्या चुलीचा धूर दिसायचा, आणि तरी नऊ वर्षं तो हत्ती काही घरी आला नाही. यावर कोणाला हसायचं तर हसो बाप्पा. लोक बांधावरून भांडतात, विहिरीच्या पाळीवरून भांडतात. आमच्याकडची दोन शहाणी माणसं एका बाहीवरून भांडली होती.

भांडण झालं तेव्हा मी चार-पाच वर्षांची होते, पण ते मला इतक्या बायांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता माझ्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. माझ्या धाकट्या भावाचं, बाळूचं, जावळ होतं. जावळ काढताना पोराला मामाच्या मांडीवर बसवायचं ही रीत. मामा बाळूला मांडीवर घेऊन बसलेला, न्हाव्याचा वस्तरा चाललेला, आतून पुरणाचा वास सुटलेला, आणि मधे पाटावर बुद्धिबळ मांडलेलं. ही दोघं समोरासमोर आली आणि पट मांडला नाही असं कधी झालंच नव्हतं. आबांनी त्या दिवशी नवा अंगरखा घातला होता, त्याच्या बाह्या चांगल्या ऐसपैस. वजीर चालवायला त्यांनी हात पुढे केला आणि बाही लागून हत्ती आडवा झाला. आता आमच्याकडचा नियम कडक, ज्या मोहऱ्याला हात लागला तोच चालवायचा. मामा म्हणाला, "हत्ती चालवा, जवाईबापू." आबा म्हणाले, "हात नाई लागला, बाही लागली." मामा म्हणाला, "बाही कोनाची हाये? तुमचीच ना? का मांगून आनली?" आबांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे मी लबाडी करून राह्यलो?" "मी काऊन म्हनू? हत्तीच आडवा पडून सांगून राह्यला!" झालं. आबांनी पट उधळला. मामा ताडकन उठला, बाळूला न्हाव्याच्या मांडीवर टेकवलं, तो आडवा पडलेला हत्ती मुठीत घेतला, "हा साक्षीदार माह्याजवळ राहू द्या" म्हणाला आणि उपाशी चालता झाला. बाळूचं डोकं तेव्हा अर्धंच झालं होतं. न्हाव्याने उरलेलं उरकलं खरं, पण मामाच्या मांडीवर झालं ते जावळ, बाकीची नुसती हजामत, असं मायचं म्हणणं. पुढे बाळू गणितात नापास झाला की माय कपाळाला हात लावायची, "कसं येईन त्याले गनित? जावळ अर्धं हाये त्याचं!"

आमचं घर मलकापुरात, कापसाची सरकी काढणाऱ्या जिनापासून हाकेच्या अंतरावर. दसरा झाला की कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि जिनाची धकधक सुरू व्हायची, ती इतकी की भोंगा होऊन जिन थांबलं की आम्हालाच चुकल्यासारखं व्हायचं. कापूस उडून भाकरीवर बसायचा, दह्यावर बसायचा, आणि बाळू तो बोटाने काढून मला लावायचा. माय म्हणजे कामाचं वारं. पहाटेपासून जातं, चूल, गोठा, आणि तोंडाने सगळ्यांचा उद्धार. पण पाटोड्यांचा रस्सा केला की तिचं तोंड बंद व्हायचं. पाटोड्या मामाला फार आवडायच्या. ती बेसनाची वडी कापता कापता एकदम म्हणून जायची, "आमच्या दादाले जाड काप लागते," आणि मग सुरी तशीच धरून बसायची. आबांनी तिला माहेरी जाऊ नको असं कधीही म्हटलं नाही. ते म्हणत, "तुले जायचं असंन त जाय, मी काई नाई म्हनत नाई," आणि असं म्हणून दोन दिवस नीट जेवत नसत. आता सांगा, कशी जाईल ती? मामाचाही निरोप भाजीवालीच्या हाती यायचा तो एकच, जवाईबापूंनी कबूल करावं की हात लागला, मग येतो. दोघांचं म्हणणं दोघांना पाठ होतं.

भाऊबीजेला माझा जीव खाली-वर व्हायचा. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. माझ्या मायला चांगला सहा फूट उंच भाऊ होता, त्याच्या अंगणातलं खाकरणं आम्हाला ऐकू यायचं, आणि ती दर भाऊबीजेला संध्याकाळी ताट घेऊन धाब्यावर चढायची आणि बीजेच्या त्या कोरभर चंद्राला ओवाळायची. मी आणि बाळू तिच्या मागे उभे. मामाच्या धाब्यावर कधी कधी कोणीतरी उभं असायचं, आणि आम्ही दिसलो की खाली उतरायचं. माय म्हणायची, "पाहू नका तिकडं." आणि स्वतः तिकडेच बघायची.

मामा येईनासा झाला तसा आबांचा संध्याकाळचा डाव बुडाला. माणूस नाही म्हणून मग त्यांनी मला शिकवलं. शेजारणी मायला म्हणायच्या, "पोरीच्या जातीले काय करा लागते बुद्धिबळ? सासरी काय वजीर रांधनार हाये?" माय म्हणायची, "खेळू द्या वं. तेवढंच त्यायच्या डोक्यातलं जाते." आबा नेहमी हिरवे मोहरे घेत, सुपारीवाले, आणि मला लाल देत. मला ते रोज हरवत आणि हरवल्यावर नाराज होत. "तुह्या मामानं हा उंट इथं आनलाच नसता," असं म्हणत आणि मग पानाचा डबा उघडत. तुम्हाला सांगते, मला त्यांची फार कीव यायची. असं वाटायचं, उठावं, गल्ली ओलांडावी आणि मामाचं मनगट धरून त्याला आणून बसवावं. पण तेव्हा मोठ्यांच्या भांडणात पोरींनी बोलायची पद्धत नव्हती. आताही नाही म्हणा, फक्त आता मीच मोठी आहे.

त्या वर्षी दसरा झाल्यावर रेल्वेने एक जादूगार उतरला. स्वतःला प्रोफेसर म्हणवायचा. काळा झगा, त्याला पदरासारख्या लोंबत्या बाह्या, डोळ्यांत सुरमा, आणि बोलणं असं साजूक की ऐकणाऱ्याला आपल्याच बोलीची लाज वाटावी. रंगूनला खेळ केले, कोलंबोला केले, असं सांगायचा. स्टेशनजवळच्या धर्मशाळेत त्याने दोन दिवस खेळ केले. लिंबातून अंगठी काढली, आबांच्या पागोट्यातून पंधरा हात फीत काढली, आणि बाळूच्या कानातून अंडं काढलं ते बाळूने लगेच मागून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं, "या तालुक्यातले सर्वांत तरबेज असे सहा बुद्धिबळपटू माझ्यासमोर बसवा. मी एकटा सगळ्यांशी एकाच वेळी खेळेन. जितके डाव हरेन त्याहून जास्त जिंकेन. तसं झालं नाही तर माझी जादूची पेटी गावाला देऊन जाईन, आणि झालं तर गावाने मला शालजोडी द्यावी."

गाव पेटलं. आमच्याकडे बुद्धिबळाचा नाद मोठा, वकीलसाहेब तर त्या डावासाठी बुलढाण्याहून सर्व्हिस मोटारीने घाट उतरून आले. शाळेचे मास्तर झाले, पार्सलबाबू झाले, हकीमसाहेब झाले. ही चार माणसं. पण आबा आणि मामा यांच्याशिवाय 'तरबेज' म्हणायला अर्थ नव्हता, आणि एक असेल तिथे दुसरा बसणार नव्हता. हकीमसाहेब दोघांचेही दोस्त. ते आधी मामाकडे गेले आणि म्हणाले, "तुम्ही नाही आले तर जवाईबापू म्हणतील, घाबरले." मग आमच्याकडे आले आणि आबांना म्हणाले, "तुम्ही नाही आले तर साले म्हणतील, घाबरले." दोघेही तयार झाले, पण दोघांचीही अट एकच, त्याचं तोंड मला दिसता कामा नये. तेव्हा असं ठरलं की धर्मशाळेच्या ओसरीवर एका रांगेत पट मांडायचे, पहिला मामाचा, सहावा आबांचा, आणि मधे ओसरीचे जाडजूड खांब.

मग प्रोफेसर म्हणाले, सहा ही सम संख्या, माझ्या विद्येला विषम लागते. सातवा कोणीही चालेल, मोहरे कसे चालतात एवढं कळलं की पुरे. आता माझं वय झालंय, नातू संगणकाशी बुद्धिबळ खेळतो आणि मला सांगतो, आज्जी, यात लपवायला जागाच नाही. मी त्याला म्हणते, जागा असते रे, माणसाला दिसत नाही. सहा पट्टीचे खेळाडू मागणारा माणूस सातवा मात्र कच्चा का मागतो, हे त्या दिवशी एकालाही विचारावंसं वाटलं नाही, वकिलांनासुद्धा. आबा म्हणाले, "माही पोरगी बसंन." सगळे हसले. प्रोफेसरही हसले, आणि त्यांना फारच बरं वाटलेलं दिसलं.

निघताना मायने माझी वेणी घट्ट ओढून घातली आणि कानाशी म्हणाली, "गोदे, ध्यान देऊन ऐक. नऊ वर्सानं दोघं एका छपराखाली बसून राह्यले. मले तेवढंच लय झालं. पन का भांडाले लागले, त तू आपला पट उधळ आन् मोठ्यानं रड. पोरीच्या रडन्यानं लोकायचं ध्यान तिकडं जाईन. भांडन वाढलं त मेल्यावरबी तोंड पाहनार नाई ते एकमेकायचं." मी हो म्हणाले. रडायला मला काही विशेष लागायचं नाही.

दुपारची जेवणं उरकून माणसांनी धर्मशाळेचं अंगण भरलं. बायका आतल्या खोलीच्या दाराशी, माझ्या मागेच. पहिले तीन जण आधी चालणार आणि पुढच्या तिघांवर प्रोफेसर आधी चालणार, असं त्यांनीच सांगितलं. ते रांगेच्या पुढून चालायला लागले. पहिल्या पटापासून सातव्यापर्यंत, आणि वळून सातव्यापासून पहिल्यापर्यंत, मागावरच्या धोट्यासारखे. प्रत्येक पटाशी क्षणभर थांबायचे, डोळे मिटायचे, बोटं कपाळाला लावायचे आणि मोहरा उचलून ठेवायचे. लोकांच्या तोंडून वा वा निघायची. एवढी झटपट चाल कोणी पाहिली नव्हती.

आबांनी घरचाच सुपारीवाला पट आणला होता, त्यावर प्रोफेसरांनी पहिली चाल केली ती अगदी कडेच्या प्याद्याची. हत्तीच्या पुढचं प्यादं एक घर. दुसऱ्या फेरीत तेच प्यादं आणखी एक घर. आबांनी पान चघळायचं थांबवलं. मी शेजारीच, म्हणून मला दिसलं. त्यांनी प्याद्याकडे पाहिलं, मग प्रोफेसरांच्या पाठीकडे पाहिलं, मग पुन्हा प्याद्याकडे. असं कडेचं प्यादं सुरुवातीलाच कोणी शहाणा माणूस काढत नाही. सगळ्या मलकापुरात एकच माणूस काढायचा. पण ते मला कुठलं माहीत! मला एवढंच दिसलं की आबा मिशीत हसताहेत आणि मांडी बदलून पुढे सरकून बसलेत, जेवायला बसल्यासारखे.

मी माझ्या डावात होते. माझ्या पटाशी आले की प्रोफेसर निराळेच व्हायचे. डोळे मिटणं नाही, कपाळाला बोट नाही. हनुवटी खाजवायचे, ओठ चावायचे, एकदा तर घोडा उचलून "नको" असं पुटपुटून परत ठेवू लागले. मी म्हणाले, "हात लागला." त्यांनी मुकाट्याने घोडा चालवला, आणि तो घोडा मी मारला. मला नवल वाटलं. बुलढाण्याच्या वकिलाशी खेळताना ह्या माणसाला विचार लागत नाही आणि माझ्याशी खेळताना घाम येतो?

मामाला एक सवय होती. समोरचा चालला की त्याची चाल मोठ्याने बोलून दाखवायची. पलीकडच्या टोकावरून त्याचा आवाज यायचा, "घोडा काढला का? काढा, काढा!" आणि थोड्याच वेळापूर्वी इकडे आबांनी घोडा काढलेला असायचा. पुढच्या फेरीला आबांनी वजिराने प्यादं मारलं. प्रोफेसर वळून गेले, पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा, पहिला, आणि तिकडून आवाज आला, "वजिरानं मारलं? मारा बाप्पा, पस्तावान!" माझ्या हातातला उंट हातातच राहिला. हा माणूस त्या सहा जणांशी खेळतच नव्हता! मामाची चाल आणून आबांना देत होता, आबांची नेऊन मामाला. आणि मधले चौघेही असेच आपसात जुंपलेले. एका फेरीत तीन चाली लक्षात ठेवायच्या, बस. यात तो एकाशी हरेल तर दुसऱ्याशी जिंकेलच, आणि वरचा एक डाव पदरात पाडायला बसवलेली मी! मी आबांकडे पाहिलं. त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. त्यांनी माझ्याकडे न पाहता हळूच म्हटलं, "आपला डाव पाह्य."

म्हणजे त्यांना केव्हाच कळलं होतं. बोलले असते तर तिथेच सगळं थांबलं असतं, म्हणून ते बोलत नव्हते. नऊ वर्षांनी त्यांचा मेहुणा त्यांच्याशी खेळत होता आणि मेहुण्याला त्याचा पत्ता नव्हता. आबांचा तो चेहरा मला अजून दिसतो. मला इतका आनंद झाला की मी तो उंट कुठेही ठेवून दिला, पण नशिबाने तो बऱ्या जागी बसला.

असा तासभर तरी गेला असेल. मग आबांनी आपला उंट उचलला आणि चांगला लांबवर नेऊन ठेवला. राजाला शह, आणि शह काढताच वजीर जाणार. ठेवताना त्यांनी असा काही आवाज केला की पार्सलबाबूंनी दचकून पाहिलं. प्रोफेसर ती चाल घेऊन पहिल्या पटाकडे गेले, मामाच्या पटावरचा तोच उंट उचलायला वाकले, आणि त्यांची ती लोंबती बाही लागून शेजारचा हत्ती आडवा झाला.

"हात लागला!" मामा गरजला. "हत्ती चालवा!"

"हात नाही लागला महाराज, बाही लागली," प्रोफेसर म्हणाले.

"बाही तुमची, बाहीतला हातबी तुमचा. आमच्या इथं चालत नाई. हत्ती!"

हे बोलणं सगळ्या मलकापूरला पाठ होतं. प्रोफेसरांचा सुरमा घामाने ओघळायला लागला. हत्ती चालवला तर दोन पट निराळे होणार आणि सगळं बिंग फुटणार. ते म्हणाले, "पण महाराज," मामा म्हणाला, "पन-बिन काई नाई." आणि मग सहाव्या पटावरून आबा उठले. नऊ वर्षांत मामाला उद्देशून त्यांनी चकार शब्द काढला नव्हता, ते खांबाच्या आडून ओरडले, "बाही म्हंजे हात नाई! अन् त्याले हत्ती चालायचाच नाई, त्याले उंट चालायचा हाये! उंटाचा शह हाये!"

मागे दारात मायने "अवं माय!" म्हटलेलं मी ऐकलं. ती मला म्हणत होती, "गोदे, उधळ! उधळ पट!" मी हात पटाच्या कडेला लावलाही. पण मी जिंकत होते हो! आयुष्यात पहिल्यांदा जिंकत होते. माझा हात काही उचलेना. रडायला आलं ते मात्र खरं.

मामा खांबाच्या पलीकडून सावकाश पुढे आला. "उंट चालायचा हाये," तो म्हणाला. "ते तुमाले तिथून कसं दिसलं, जवाईबापू?"

आबांनी जीभ चावली. प्रोफेसर मट्कन खाली बसले आणि त्यांची सगळी साजूक भाषा गळून पडली. "माफ करा हो भाऊ," ते म्हणाले, "मी रंगूनचा नाही, काही नाही. मी इथला, भुसावळचा." वकीलसाहेब उभे राहिले, "म्हणजे मघापासून मी कोणाकडून हरतो आहे?" दुसऱ्या आणि पाचव्या पटाचा हिशेब लागायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि लागला तेव्हा मास्तर हात जोडून उभे होते, "साहेब, मला खरंच माहीत नव्हतं." हकीमसाहेब तर पोट धरून हसत होते.

मामाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो सरळ आबांच्या पटापाशी येऊन उभा राहिला. त्याच्या पटावर होता तोच डाव इथे होता, घर न घर तोच, फक्त उंट एक चाल पुढे. आणि तिकडे जो हत्ती आडवा झाला होता, त्याच्या जागी इथे सुपारी. मामा त्या सुपारीकडे बघत राहिला.

"अजून सुपारीच?"

"हत्ती तुमच्याजवळ हाये," आबा म्हणाले.

मामा खाली बसला, आबांच्या समोर. त्याने डाव पाहिला. एवढ्या मोठ्या खेळाडूला काय दिसत नव्हतं? आबांना हत्ती चालवायला लावला तर डाव त्याचा होता. बाही सोडून दिली तर वजीर जात होता आणि मागोमाग डावही. मामाने घसा खाकरला, तोच तो आम्हाला धाब्यावर ऐकू येणारा.

"बाहीच लागली होती," तो म्हणाला.

"त्याची?" आबांनी विचारलं.

"त्याचीबी. अन् तवा तुमचीबी. मले दिसलं होतं तवाच. पोरगं मांडीवर, डाव हातचा जाऊन राह्यला, मी हट्टाले पेटलो. द्या शह."

आबांनी लगेच काही शह दिला नाही. त्यांनी मामाचे दोन्ही हात धरले आणि दोघेही पटावर मान घालून बसले. माय तोंडावर पदर ओढून पुरुषांच्या गर्दीतून पुढे आली, हे तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. ती माझ्याजवळ थांबली, माझा हात पटाच्या कडेवरून काढला आणि म्हणाली, "राहू दे वं आता. खेळ." आणि ती स्वतःच मोठ्याने रडली.

मामा तो डाव हरला, आणि उठायच्या आधी "उद्या पुन्हा" म्हणाला. गावातली काही पोरं प्रोफेसरांना जाब विचारायला पुढे सरसावली होती, पण आता त्यांना हात लावायची कोणाची हिंमत नव्हती, आबा एका बाजूला आणि मामा दुसऱ्या बाजूला. मी म्हणाले, "माहा डाव राह्यला." प्रोफेसर समोर येऊन बसले, सुरमा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि आपला राजा स्वतःच्या हाताने आडवा केला. "सात पट मांडले," ते म्हणाले, "खरा खेळलो एकच, अन् तोबी हरलो." तरी शालजोडी त्यांनाच दिली गेली. मामा आणि आबांनी मिळून पांघरली. संध्याकाळी प्रोफेसर आमच्याकडे जेवायला होते, पाटोड्यांचा रस्सा आणि ज्वारीच्या भाकरी. पाच भाकरी खाल्ल्या त्यांनी. मामाने किती खाल्ल्या ते मायने मोजू दिलं नाही. जेवण झाल्यावर मामाने बाळूला जवळ ओढलं आणि दहा वर्षांच्या त्या घोड्याला मांडीवर बसवून न्हाव्याला बोलवायला सांगितलं, "अर्धं राह्यलं होतं न आपलं?" बाळू असा धूम पळाला की दुसऱ्या दिवशी दुपारीच दिसला.

भाऊबीजेला मामा आला. माय सकाळपासून वेड्यासारखी करत होती, दोनदा रांगोळी पुसली, तीनदा काढली. संध्याकाळी तिने त्याला पाटावर बसवून ओवाळलं. त्याने ताटात लुगडं ठेवलं आणि त्याच्यावर तो हिरवा हत्ती. नऊ वर्षं मुठीत धरल्यासारखा गुळगुळीत झाला होता. आबांना राहवलं नाही, त्यांनी हात पुढे करून तो उचलला. मामा म्हणाला, "हात लागला, जवाईबापू! आता चालवाच लागते!" आणि पट मांडायला घेतलाही.

मी हसत वळून पाहिलं तर माय कुठे दिसेना. ती ताट घेऊन धाब्याच्या शिडीवर निम्म्यात पोचली होती, लगबगीने, कारण बीजेचा चंद्र काही जास्त वेळ थांबत नाही. मी खालून ओरडले, "माय, आता काऊन? आता त मामा आला न!"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "नऊ वर्सं तो येऊन राह्यला होता वं माह्यासाठी," ती म्हणाली. "आता दादा आला म्हनून त्याले कशी विसरू?"